शिखरावरून काय दिसतं?

दत्तजयंती जवळ आली की मला गुरुशिखर आठवतं. राजस्थानातल्या अबू पर्वतावरचं हे अरवली रांगेतलं सर्वांत उंच टोक, उंची १७२२ मीटर. वर दत्तमहाराजांचं स्थान आहे.

निवृत्तीनंतर आम्ही उभयता तिथे गेलो. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. हिचे गुडघे दुखतात, म्हणून ती खाली चहाच्या टपरीशी बसली. म्हणाली, "माझाही नमस्कार सांगा."

दर्शन घेतलं, घंटा वाजवली आणि कठड्याशी उभा राहिलो. चहूकडे डोंगर आणि अभयारण्याचं रान. या रानात अस्वलं आहेत. मधूनच एखादी पायवाट दिसे नि झाडीत नाहीशी होई. जवळच वेधशाळेचा घुमट. तिथल्या एका दुर्बिणीचा आरसा १.२ मीटर व्यासाचा. त्यातून दूरचे तारे दिसतात. मला मात्र खाली बसलेली माझी बायको ओळखू येईना! माणसं दिसत होती, त्यांतलं आपलं कोण ते कळत नव्हतं.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. मी बँकेत काउंटरवर असताना एक आजी पेन्शन काढायला आल्या. हात थरथरत होता, सही जुळेना. मी स्लिप परत सरकवली. दुपारपर्यंत त्या बाकावर बसल्या आणि निघून गेल्या. पुन्हा दिसल्या नाहीत.

नियमाने मी बरोबर होतो. सही न पाहता पैसे दिले तर उद्या कुणाचेही कुणी काढील. नियम सगळ्यांना सारखंच पाहतो, उंचावरून पाहिल्यासारखं, आणि ते हवंच. पण साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देण्याची सोयही नियमातच होती. त्यासाठी मला फक्त खुर्चीतून उठायचं होतं. रांग मोठी होती, मी उठलो नाही. मग दोष नियमाचा की माझा?

भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये पहिली पृथ्वी. तिच्याच अंगाचा जो पर्वत, त्याच्याकडून अवधूत परोपकार शिकला. पर्वत उंच खरा, पण त्याच्यावर पडलेलं पाणी खालच्यांच्याच कामी येतं. मला वाटतं, उंचीला दोष नाही. वर चढावं, सगळं समदृष्टीने पाहावं. पण ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत उतरूनही यावं. नुसती समदृष्टी म्हणजे दया नव्हे.

खाली आलो. हिने माझ्यासाठी चहा सांगून ठेवला होता. तो घेताना आजींची हकीकत तिला प्रथमच सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खात्यावर त्यांचा पत्ता असेल ना हो? संध्याकाळी जाऊन यायचं होतंत."

इतक्या वर्षांत हे मला सुचलं नव्हतं.

श्रीगुरुदेव दत्त.