शोक कोणाचा, श्लोक कोणाचा?

आदिकवि वाल्मीकींची कथा आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. तमसेच्या तीरीं क्रौंच पक्ष्यांच्या जोडप्यांतील नर व्याधानें मारला. मादीचा आक्रोश ऋषींच्या कानीं पडला. त्यांचें अंतःकरण कळवळलें, आणि त्या कळवळ्यांतून जें वाक्य तोंडून निघालें तें छंदोबद्ध होतें. शोकाचा श्लोक झाला असें आपण म्हणतों, आणि काव्याच्या उगमाची याहून सुंदर कथा दुसऱ्या वाङ्मयांत सांपडेलशी मला वाटत नाहीं. परंतु अलीकडे हा प्रसंग वर्गांत शिकवितांना माझ्या मनांत एक आडमुठा प्रश्न उभा राहूं लागला आहे. शोक क्रौंचीचा होता, श्लोक वाल्मीकींचा झाला. वाल्मीकि अमर झाले; त्या क्रौंचीचें पुढें काय झालें, याची चौकशी आपल्यापैकीं कोणी करीत नाहीं.

प्रश्न आडमुठा खरा; पण ज्यानें म्हणून कथा लिहिण्याचा प्रयत्न केला आहे त्याला तो कधीं ना कधीं टोंचल्यावांचून राहात नाहीं. मला तो कसा टोंचला त्याची हकीकत पुढें सांगतों. तत्पूर्वीं लेखकांच्या एका नेहमींच्या गाऱ्हाण्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण माझी हकीकत त्या गाऱ्हाण्यापासूनच सुरू होते.

तें गाऱ्हाणें म्हणजे लेखणी अडल्याचें. कोलरिज या इंग्रज कवीनें आपली 'कुब्ला खान' ही कविता १८१६ मध्यें प्रसिद्ध केली तेव्हां तिच्या अपुरेपणाबद्दल असा खुलासा केला कीं, दोन-तीनशें ओळींची ही कविता स्वप्नांत संपूर्ण सुचली होती. ती उतरून काढीत असतां पोरलॉक गांवाहून कोणी एक गृहस्थ कामानिमित्त आला, तासाभरानें तो गेला, आणि त्याच्याबरोबर उरलेली कविताहि गेली. तेव्हांपासून जगांतील प्रत्येक लेखकाला पोरलॉकच्या या गृहस्थाचा मोठा आधार वाटत आला आहे. जोगेश्वरीसारख्या उपनगरांत राहाणाऱ्यास तर अशा गृहस्थांचा तुटवडा कधींच पडत नाहीं. शेजारची जुनी इमारत पाडण्याचें काम चाललेलें असतें, लिफ्ट बंद पडलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळीं सोसायटीचे चिटणीस सर्वसाधारण सभेचें परिपत्रक घेऊन दारांत उभे असतात. माझ्या कित्येक अपुऱ्या कथांचें खापर मीं आजवर या मंडळींच्या माथीं फोडलें आहे. तें फोडण्यांत माझी चूक होत होती, असें आतां वाटतें.

माझ्या समोरच्या बिऱ्हाडांत सत्तरीच्या घरांतील एक बाई आपल्या मुलाजवळ राहातात. आम्ही सारे त्यांना मावशी म्हणतों. त्यांचे यजमान कापडगिरणींत साचेखात्यांत कामाला होते. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंतील सुमारें अडीच लक्ष गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागें असा कधीं घेतलाच गेला नाहीं, आणि हजारों कामगारांना पुन्हां गिरणीच्या फाटकाआंत पाऊल टाकावयास मिळालें नाहीं. मावशींचे यजमान त्यांपैकींच एक. हें कुटुंब तेव्हां लालबागला चाळींत राहात असे. संप ओसरल्यावर एके दिवशीं यजमानांनीं घरीं सांगितलें कीं, आपल्याला कामावर घेतलें. दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊन सकाळीं निघत, राणीच्या बागेंत एका बाकावर दिवस काढीत आणि गिरणी सुटण्याच्या वेळेस परत येत. पगाराच्या दिवशीं कोणाकडून तरी उसने आणलेले पैसे ते बायकोच्या हातावर ठेवीत. आठवड्याभरांतच मावशींना खरा प्रकार कळला; परंतु तो आपल्याला कळला आहे असें त्यांनीं यजमानांना कधींच कळूं दिलें नाहीं. असे तीन महिने गेले.

ही हकीकत मला मावशींनींच सांगितली. तीहि मुद्दाम नव्हे. लिफ्ट बंद होती, आणि जिन्याच्या वळणावर आम्ही दोघेंहि दम खात उभीं होतों. यजमान वारून तेव्हां कांहीं वर्षें लोटलीं होतीं. दुःखाची धार गेली होती आणि आठवण तेवढी उरली होती. मी वर आलों तो मनाशीं म्हणतच कीं, आपल्याला कथा मिळाली!

पण ती लिहितां येईना. प्रथम मीं ती नवऱ्याच्या बाजूनें लिहिली, मग बायकोच्या, मग सगळें पाहात असलेल्या लहान मुलाच्या. प्रत्येक वेळीं कथा एकाच ठिकाणीं मोडे. सकाळची वेळ आहे, तो निघाला आहे, ती त्याच्या हातीं डबा देते. त्या क्षणीं तिच्या मनांत काय असेल? येथें माझी लेखणी थांबे. अशीं दोन वर्षें गेलीं. मग एका रात्रीं मला एक युक्ति सुचली: डबा रिकामा दाखवावा! घरांत दाणा नाहीं. ती रिकामा डबा देते, तो रिकामा डबा घेतो. दोघांनाहि ठाऊक आहे आणि दोघेंहि बोलत नाहींत. त्या युक्तीसरशी अडलेली लेखणी अशी सुटली कीं, पहांटेपर्यंत कथा संपूर्ण झाली. पुढें ती एका दिवाळी अंकांत आली. रिकाम्या डब्याची कल्पना फार हृदयस्पर्शी आहे, असें पुष्कळांनीं कळविलें, आणि मलाहि तें खरें वाटलें.

मावशींच्या नातवानें ती कथा त्यांना वाचून दाखविली. दोन दिवसांनीं त्या माझ्याकडे आल्या. रागावलेल्या नव्हत्या. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "सर, गोष्ट चांगली लिहिलीत. पण डबा रिकामा नव्हता. दुपारी शेजारणींबरोबर पापड लाटून मी दोन पैसे मिळवत होते. तीन महिन्यांत एक दिवससुद्धा मी त्यांना रिकाम्या डब्यानं धाडलं नाही. वाचणारा म्हणेल, हिनं माणसाला उपाशी पाठवलं."

मीं बचाव केला. म्हटलें, "मावशी, नांवें बदललीं आहेत, तुम्हांला कोण ओळखणार?" त्या म्हणाल्या, "मी ओळखलं ना."

त्या गेल्यावर मीं मनांतल्या मनांत ॲरिस्टॉटलला साक्षीस बोलाविलें. इतिहासकार घडलेलें सांगतो आणि कवि घडूं शकेल तें सांगतो, म्हणून काव्य हें इतिहासाहून अधिक तात्त्विक होय, हें त्याचें मत मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों आहें. गिरणगांवांत त्या काळीं रिकामे डबे नव्हते असें कोण म्हणेल? तेव्हां माझी कथा घडूं शकणारी होती यांत शंका नाहीं. परंतु साक्षीदाराची साक्ष संपतांच माझ्या ध्यानांत आलें कीं, तो मूळ मुद्द्याविषयीं बोललाच नव्हता. कथाकारानें बदल करावा कीं करूं नये, हा माझ्यापुढील प्रश्न नव्हताच. बदल केल्यावांचून कथा होत नाहीं. त्या बदलाची किंमत कोणी दिली, हा खरा प्रश्न होता. माझ्या कथेला धार आली, आणि तिची किंमत मावशींनीं दिली. त्या तीन महिन्यांत त्यांनीं आपल्या हातानें जें एक राखलें होतें, तेंच मीं काढून घेतलें.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच आहे. माझी युक्ति नीतीच्या दृष्टीनें खोटी होती इतकेंच नव्हे, तर कलेच्या दृष्टीनेंहि हलकी होती. रिकामा डबा दारिद्र्य दाखवितो; दारिद्र्य दाखविणें फारसें कठिण नाहीं. पण नवरा गिरणींत जात नाहीं हें पक्कें ठाऊक असतांना पहांटे उठून त्याचा डबा भरणारी, त्याची लबाडी आणि त्याचा मान हीं दोन्हीं एकाच फडक्यांत बांधून देणारी बाई दाखविणें कठिण आहे. तिच्या मनांत काय असेल, हें मला दोन वर्षें कळलें नाहीं. आणि कळेना म्हणून मीं तो प्रश्नच कथेंतून काढून टाकला. लेखणी अडली होती तोंवर ती प्रामाणिक होती. ती सुटली तेव्हां मीं तिच्यावर संशय घ्यावयास हवा होता.

मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त काव्याचीं सहा प्रयोजनें सांगितलीं आहेत: यश, द्रव्य, व्यवहारज्ञान, अशुभाचा नाश, तत्काळ लाभणारा परम आनंद, आणि प्रिय पत्नीनें करावा तसा गोड उपदेश. यांत कवीचा विचार झाला आहे आणि रसिकाचाहि झाला आहे. ज्याची कथा सांगावयाची त्याचा मात्र झालेला नाहीं. प्राचीनांना तो करण्याचें कारण नसावें. त्यांचे नायक राजे आणि देव होते. ते जिना उतरून कवीच्या घरीं येण्याचा संभव नव्हता. आपण सामान्य माणसांच्या कथा लिहूं लागलों तेव्हां आपल्यावर एक नवें ऋण आलें, आणि त्याची नोंद आपल्या काव्यशास्त्राच्या वहींत अद्याप पुरतेपणीं झालेली नाहीं.

यावर कोणी म्हणेल, "असा कांटा घेऊन बसल्यास कोणी कांहींच लिहूं नये. ज्याला त्याला विचारून हरिभाऊ आपट्यांनीं कादंबऱ्या लिहिल्या असत्या काय?" आक्षेप रास्त आहे. १८९० मध्यें हरिभाऊंनीं 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो!' क्रमशः लिहावयास घेतली, तेव्हां ते सव्वीस वर्षांचे होते. ज्यांच्या घरांत विधवांचे हाल होत होते त्या वडीलधाऱ्यांची अनुज्ञा त्यांनीं मागितली नाहीं, आणि मागावयाचें कारणहि नव्हतें. पण त्यांनीं काय केलें तें पाहण्याजोगें आहे. सगळी कहाणी त्यांनीं यमूच्या तोंडीं घातली. पुरुष लेखकानें बालपणापासून वैधव्यापर्यंतचें एका स्त्रीचें आयुष्य तिच्याच शब्दांत सांगावयाचें ठरविल्याबरोबर त्याच्या हातांना एक बंधन पडलें: जें तिला दिसेल तेवढेंच दाखवावयाचें, आणि जें तिला बोलवेल तेवढेंच बोलावयाचें. हें तंत्र खरेंच, पण तो एक नैतिक संयमहि आहे. त्या कादंबरीची किंमत कोणाला द्यावी लागली असेल तर ती रूढीला आणि तिच्या रखवालदारांना, यमूला नव्हे. पुढें साप्ताहिकाच्या रेट्यांत हरिभाऊंच्या 'कर्मयोगा'सारख्या कांहीं कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, याबद्दल आपण हळहळतों. मला वाटतें, अपुरी राहिलेली कथा ही खोटेपणानें पुरी केलेल्या कथेहून कमी दोषास्पद आहे.

उलट बाजूनें साने गुरुजींचें उदाहरण घ्या. नाशिकच्या तुरुंगांत ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पांच दिवसांत त्यांनीं 'श्यामची आई' लिहून काढली. लेखणी अडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दुसऱ्या कोणाचें काढून घ्यावयाचें नव्हतें. आई स्वतःची होती. आणि तरीहि पांडुरंग सदाशिव साने यांनीं सांगणाऱ्याला श्याम हें नांव दिलें. स्वतःच्या आईसंबंधीं बोलतांनादेखील एक पातळसा पडदा असावा, असें त्यांच्या मनानें घेतलें असावें. लक्ष्मीबाई टिळकांनीं तोहि पडदा ठेविला नाहीं. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या 'स्मृतिचित्रां'त सासर, माहेर, पति, सगळ्यांचीच थट्टा आहे. पण हंसण्याचा पहिला मान लक्ष्मीबाईंनीं स्वतःकडे घेतला आहे, आणि म्हणून इतरांस हंसण्याचा अधिकार त्यांना पोंचतो. १९३६ मध्यें त्या वारल्या, तेव्हां शेवटचा भाग पुरा करण्याचें काम त्यांच्या मुलाकडे आलें. अशा प्रसंगीं मात्र दुसऱ्यानें पुरें केलेलें शोभतें, कारण शोकहि त्याच घरचा होता.

मावशी येऊन गेल्या त्या संध्याकाळीं मी जोगेश्वरीच्या लेण्याकडे फिरावयास गेलों होतों. सहाव्या शतकांतील हें शैव लेणें वस्तीनें चोहोंकडून वेढलें आहे. पायऱ्या उतरून आंत गेलें कीं बाहेरचा गोंगाट एकदम मंदावतो. पाझरणाऱ्या पाण्यानें तेथील मूर्ति फार झिजल्या आहेत. शिवपार्वती सारीपाट खेळत आहेत हें आकारावरून कळतें. मुद्रेवरील भाव काळानें पुसून टाकले आहेत. खांबाशीं उभा असतांना मनांत आलें कीं, या कारागिरांचें काम आपल्याहून किती अवघड होतें! डोंगरांतून दगड काढतां येतो, परत बसवितां येत नाहीं. एक घाव चुकला कीं तो कायमचा चुकला. आम्हां लेखकांना खोडण्याची सोय आहे. पण ही सोय कागदापुरतीच आहे. ज्याच्याविषयीं लिहिलें त्याच्या मनावर पडलेला घाव दुसऱ्या आवृत्तींत दुरुस्त होत नाहीं. हें त्या कारागिरांना शिकवावें लागलें नसेल. मला तें पन्नाशी उलटल्यावर कळलें.

वाल्मीकींना मात्र मी आतां दोष देत नाहीं. त्यांनीं क्रौंचीच्या शोकांत आपल्या सोयीचा बदल केला नाहीं, आणि श्लोकांतला कोप व्याधावर धरला, तिच्यावर नव्हे. शिवाय, तोंडून श्लोक निघाला याचा आनंद होण्याआधीं 'हें मीं काय बोललों' अशी चिंता त्यांना लागली, असें रामायणकार सांगतात. ती चिंता ज्या लेखकाला लागते त्याची लेखणी पुष्कळदां अडेल; पण ज्याला ती लागतच नाहीं त्याचें लेखन मला यापुढें बेतानेंच वाचावेंसें वाटतें.

तो डबा भरून देणाऱ्या बाईची कथा अजून माझ्या हातून लिहून झालेली नाहीं. प्रस्तुत निबंध लिहिण्यापूर्वीं मात्र मीं मावशींना विचारलें. त्या म्हणाल्या, "लिहा की. पण डब्यात काय असायचं तेसुद्धा लिहा." म्हणून लिहितों. दोन भाकऱ्या, लसणीची चटणी, आणि गांवाहून कोणी आणलें असेल त्या दिवशीं थोडें सुकट.