कावळ्यासमोर बोलायचे ते आधी बोलावे

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवलेला असतो आणि कावळा काही शिवत नाही. ऊन चढते, गुरुजी घड्याळ बघतात. मग घरातले एकेक जण पुढे होऊन हात जोडतात. "पोरांना अंतर देणार नाही," कोणी म्हणतो. शेवटी दर्भाचा कावळाही करावा लागतो. हा प्रसंग आपण सगळ्यांनीच पाहिला आहे.

माझे वडील आणि थोरले काका चौदा वर्षे बोलत नव्हते. कारण काय, तर विहिरीच्या पाण्याची पाळी. दत्तजयंतीच्या आरतीला दोघेही येत, दोन खांबांना उभे राहत. काका गेले. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा वडील पुढे झाले आणि म्हणाले, "अण्णा, पाळी तुमचीच होती. चुकलो." थोड्या वेळाने कावळा शिवला. सगळ्यांना हायसे वाटले. घरी येताना वडील एवढेच बोलले, "कावळ्यानं ऐकलं रे, पण अण्णांनी कुठं ऐकलं?"

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

गुरुचरित्रातला रजक आपल्याला ठाऊक आहे. श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा तो भक्त, पण राजाचे वैभव पाहून मन तिथे अडकले आणि ते भोगायला पुढचा जन्म घ्यावा लागला. मनात राहिलेले राज्य जर इतके ओढते, तर मनात राहिलेली अढी सोडेल का? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी आपले चोवीस गुरू सांगितले. त्यांत कुरर पक्षी आहे. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता, तोवर बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते. तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. आपणही जुना अपमान असाच धरून ठेवतो. टोचे आपल्यालाच बसतात, तरी चोच उघडत नाही.

कोणी विचारेल, "ज्यानं खरोखर नाडलं, त्याला क्षमा करायची म्हणजे त्याचं बरोबर होतं म्हणायचं का?" नाही. अन्यायाला अन्यायच म्हणावे. सातबाऱ्यावरचा हक्क सोडा, असेही कोणी सांगत नाही. दावा चालायचा तर चालू दे. पण भाऊ आजारी पडला तर उशाशी जाऊन बसायला कोर्टाची मनाई नसते. क्षमा म्हणजे त्याचे वाईट व्हावे ही इच्छा सोडणे. आणि चूक आपली असेल, तर क्षमा करण्याआधी मागावी लागते. तेच जास्त जड जाते.

समोरच्याने दार उघडलेच नाही तर? तर नाही. जाणे आपल्या हातात, उघडणे त्याच्या. पण निदान आपल्या मागे दहाव्याला कोणाला जड होणार नाही.

मार्गशीर्ष पौर्णिमेला संध्याकाळी पाळणा होईल, सुंठवडा वाटला जाईल. एक पुडी जास्तीची मागून घ्या आणि ज्या दारात पाऊल टाकले नाही, तिथे जा. जुना विषय काढू नका. "प्रसाद आणलाय," एवढे म्हटले तरी पुरे. समोरचा ऐकू शकतो आहे, तोवरच या शब्दांना मोल आहे.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥