हरवले ते नेमके काय?

वस्तू हरवणे ही मानवी जीवनातील फार जुनी घटना आहे. किल्ली हरवते, छत्री हरवते, पाकीट हरवते. परंतु मोबाइल फोन हरवला म्हणजे घरात जी खळबळ उडते, तिचे स्वरूप निराळे असते. जेवणावरची वासना उडते, एकमेकांवर दोषारोप होतात आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आत नवा फोन हप्त्यांवर घरात आलेलाही असतो. गेलेल्या वस्तूच्या जागी तशीच, किंबहुना तिच्याहून सरस वस्तू आणलीच पाहिजे, असे एक गृहीत या घाईमागे असते. ते कितपत खरे आहे, याचा विचार करणे अगत्याचे आहे. कारण सामान्य कुटुंबात पंधरा-वीस हजारांची रक्कम ही कोणाच्या तरी फीची, औषधांची किंवा गळक्या छपराची रक्कम असते.

रोमन साम्राज्यात होऊन गेलेला एपिक्टीटस हा तत्त्वज्ञ जन्माने गुलाम होता. त्याच्या घरातील लोखंडी दिवा एकदा चोरीला गेला. त्याने मनाशी विचार केला, की माणसाजवळ जे असते तेच त्याचे जाऊ शकते. आपण उद्या मातीचा दिवा आणू. त्याला हवा होता तो उजेड, आणि तो मातीच्या दिव्यानेही मिळणार होता. पुढे त्याच्या मृत्यूनंतर कोणी एकाने तोच मातीचा दिवा 3,000 द्राख्मा मोजून विकत घेतला. त्याच्या उजेडात वाचले की त्या थोर पुरुषाचे शहाणपण आपल्याला लाभेल, अशी त्याची समजूत. लुसियन या लेखकाने त्याची भरपूर थट्टा केली आहे. वस्तू आणि तिचे कार्य यांत आपण किती सहज गल्लत करतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

हाच न्याय फोनला लावून पाहू. त्यातील उजेड कोणता आणि लोखंड कोणते? आपला नंबर फोनमध्ये नसतो, तो सिम कार्डाशी जोडलेला असतो. ओळखपत्र दाखवून अल्प खर्चात त्याच नंबरचे दुसरे सिम मिळते, आणि ते चालेल असा बटणांचा जुना फोन पुष्कळ घरांतील कपाटात पडून असतो. बँकेला कळवून व्यवहार थांबवणे, पोलिसांत तक्रार नोंदवणे आणि शासनाच्या संचार साथी या सेवेवरून फोन बंद पाडणे, यांस पैसे पडत नाहीत. त्यासाठी लागणारा पंधरा आकडी क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. पैशांच्या देवघेवीसाठी पासबुक आणि रोकड आहेच. शिवाय साध्या फोनवरून पैसे पाठवण्याची सोयही झाली आहे. अन्यत्र जपून न ठेवलेली छायाचित्रे मात्र गेली ती गेली. पण ती नव्या फोनानेही परत येत नाहीत. त्यांचे दुःख खरे आहे, आणि दुकानात त्यावर इलाज नाही.

येथे एक आक्षेप रास्त आहे. घरोघर सामान पोचवणाऱ्या तरुणाचा फोन म्हणजे शेतकऱ्याची कुदळ होय. त्यावर त्याची रोजची भाकरी अवलंबून आहे. त्याने तो अवश्य घ्यावा, वेळप्रसंगी नातेवाइकांनी त्याला हातभार लावावा. घरी एकटी राहणारी आजारी आई असेल तर तिचा संपर्क तुटता कामा नये. दुसऱ्याच्या जिवावर केलेली काटकसर हा सद्गुण नव्हे. स्वतः फोन घ्यायचा नाही आणि शेजाऱ्याचा मात्र दिवसातून दहा वेळा मागायचा, यात साधेपणा कुठे आहे?

तथापि या आक्षेपातच आपल्या घाईचे खरे मर्म दडले आहे, असे मला वाटते. 31 जुलै 1995 रोजी भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले. त्या काळी आपल्यापैकी किती जणांच्या घरी साधा फोन तरी होता? अर्जावर आणि लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा क्रमांक लिहून पुढे ‘पी.पी.’ अशी दोन अक्षरे जोडली जात. आखातातून मुलाचा फोन आला की शेजारची वहिनी वाडीतून हाक मारी आणि ओल्या हातांनी आई धावत जाई. त्या व्यवस्थेत गैरसोय होती, संकोच होता, खाजगीपणा तर नव्हताच. पण कोणाचे तरी ऋण घेतल्यावाचून जगता येत नाही, याची जाणीवही तीत होती. आज आपल्याला हप्त्याचे कर्ज चालते, शेजाऱ्याचे ऋण चालत नाही. नवी वस्तू आपण पुष्कळदा गरजेपोटी नव्हे, तर कोणाकडे काही मागावे लागू नये म्हणून विकत घेतो. साधा फोन चारचौघांत खिशातून काढण्याची लाज हेही त्याच अभिमानाचे धाकटे भावंड.

हरवलेल्या वस्तूंसाठी आपल्याकडे संत अंतोनीचा धावा करतात. परंपरा सांगते, की त्यांचा स्तोत्रग्रंथ एका नवशिष्याने नेला होता आणि त्यांच्या प्रार्थनेनंतर तो त्याने परत आणून दिला. त्या ग्रंथात शिकवण्यासाठी काढलेली त्यांची स्वतःची टिपणे होती. त्यांना ती हवी होती. बाजारातील दुसऱ्या प्रतीने ती उणीव भरून निघाली नसती. या कथेत आणखीही एक माणूस आहे, तो म्हणजे परत करणारा. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 71 नेही सापडलेली वस्तू विश्वासाने सांभाळण्याची जबाबदारी सापडणाऱ्यावर टाकली आहे. हरवणाऱ्याने धीर धरण्याला अर्थ येतो तो सापडणाऱ्याच्या सचोटीमुळे. दुसऱ्या दिवशीच नवा फोन आणणारे घर ‘कोणी तरी परत देईल’ ही आशाही त्याबरोबर सोडून देते, आणि मुलांना नकळत तेच शिकवते.

जगात 2022 या एका वर्षात सुमारे 6 कोटी 20 लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला. त्यातील चौथा हिस्साही रीतसर पुनर्वापरात गेल्याची नोंद नाही. तेव्हा कपाटातील जुना फोन वापरात आणणे हा केवळ आपल्या घरचा हिशेब नाही.

म्हणून फोन हरवलेल्या कुटुंबाने प्रथम बँक आणि सिम यांची व्यवस्था करावी आणि मग निदान एक महिना थांबावे. कोणत्या कामावाचून खरोखर अडले, कोणाला आपल्यामुळे त्रास झाला, कशाची आठवणसुद्धा झाली नाही, हे महिनाअखेर सर्वांनी एकत्र बसून पाहावे. त्यानंतर नवा फोन घ्यावासा वाटला तर खुशाल घ्यावा. त्या वेळी घेतलेली वस्तू गरजेने घेतलेली असेल, आणि तिची किंमत देताना मन खट्टू होणार नाही.