तिसऱ्याची सही

गाडी घ्यायला घरातले चार जण शोरूममध्ये जातात. रंग ठरतो, टेस्ट ड्राइव्ह होते, मग काका हमखास विचारतात, "अजून किती कमी होतील?" सेल्समन हसून म्हणतो, "काका, माझ्या हातात असतं तर दिले असते." आपल्याला वाटतं, ही विकायची पद्धत. पण कधीकधी तो खरं बोलत असतो.

२०१७ साली भारतीय स्पर्धा आयोगाला एक निनावी ईमेल आला. पाठवणारा मारुती सुझुकीचा डीलर होता. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रातल्या डीलरांना कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त सूट देता येत नाही, अशी त्याची तक्रार. ऑगस्ट २०२१मध्ये आयोगाने आदेश दिला. त्यातलं वर्णन एखाद्या हेरकथेसारखं आहे. नेमलेल्या एजन्सीची माणसं ग्राहक बनून शोरूममध्ये जायची, सूट मागायची. कोणी जास्त सूट दिलीच, तर त्याचा पुरावा कंपनीकडे जायचा. डीलरचा खुलासा पटला नाही की दंड. डीलरशिपला तर व्हायचाच, पण सेल्समन आणि टीम लीडरलाही व्हायचा. आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपये दंड केला. कंपनी अपिलात गेली.

आता प्रश्न असा की, यात नेमकं चुकलं काय?

कंपनीची बाजू घेऊन पाहू. डीलर सज्ञान आहे, त्याने करारावर सही केली आहे. शिवाय सूट मोकळी सोडली तर एक जण चकचकीत शोरूम उभारणार, गाडी समजावून सांगणार. ग्राहक ती माहिती घेऊन शेजारच्या स्वस्त दुकानात जाणार. मग शोरूमवर खर्च करायचा कोणी? आणि घासाघीस जमते त्याला गाडी स्वस्त, बुजऱ्या माणसाला महाग, हा कुठला न्याय?

हे मुद्दे पोकळ नाहीत. म्हणूनच २००२चा स्पर्धा कायदा असे करार सरसकट बेकायदा ठरवत नाही. फक्त एकाच कंपनीचा माल विकायचा, ठरलेल्या भागातच विकायचा, ठरलेल्या किमतीलाच विकायचा, असे करार झाले तर त्यांनी स्पर्धेला खरोखर किती इजा होते, हे तो कायदा तपासायला सांगतो. ही तपासणी सोपी नसते. ह्युंदाईला अशाच आरोपावरून २०१७मध्ये झालेला ८७ कोटींचा दंड अपील न्यायाधिकरणाने पुढच्याच वर्षी रद्द केला.

तरीही सहीचा मुद्दा मला पुरेसा वाटत नाही. एक तर डीलरने कर्ज काढून जागा, वर्कशॉप, माणसं उभी केलेली असतात, आणि तीही एकाच ब्रँडच्या नावावर. उद्या 'नाही' म्हणायचं तर सगळं मोडावं लागणार. अशा माणसाच्या 'हो'चं वजन किती धरायचं?

पण समजा, त्याने राजीखुशीने सही केली. तरी सूट नाकारली जाते ती काकांना, आणि त्या कागदावर काकांची सही नाही. दोघांनी आपापसात काय ठरवावं, याला मर्यादा पडते ती इथे. स्वतःचा हक्क सोडायला माणूस मोकळा आहे. तिसऱ्याचा सोडायला नाही. बुजऱ्या ग्राहकाची काळजी असेल, तर किंमत सगळ्यांसाठी कमी करता येते. स्वतःच्या नफ्यातून चार पैसे सोडू पाहणाऱ्या डीलरला दंड करून त्या ग्राहकाचं काय भलं होतं?

हा तिसरा माणूस दर वेळी ग्राहकच असतो असंही नाही. २०१४मध्ये आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड केला. सुटे भाग आणि बिघाड शोधायची उपकरणं अधिकृत डीलरांबाहेर मिळू दिली जात नव्हती, हे त्यामागचं कारण. तिथे सही नसलेला तिसरा होता नाक्यावरचा गॅरेजवाला. हात कसबी असूनही त्याला काम नाकारलं जात होतं, आणि का, ते सांगायला कोणी त्याच्याकडे गेलं नव्हतं.

नैतिक प्रश्न म्हटलं की आपल्याला खोटं बोलणं, लाच, फसवणूक आठवते. इथे कोणी खोटं बोललेलं नसतं, सगळं कागदोपत्री असतं. म्हणून पुढच्या वेळी कोणी "दोघांच्या संमतीने झालंय" म्हणालं, तर एवढंच विचारावं: पैसे कोण भरतंय, आणि त्याला विचारलं होतं का?