अपरिग्रह आणि कपाट

अपरिग्रहाचे व्रत पाळणाऱ्याच्या घरी कपाट असावे काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु अमेरिकन विचारवंत हेन्री डेव्हिड थोरो याने तो प्रत्यक्ष जगून पाहिला. १८४५ साली मॅसॅच्युसेट्समधील वॉल्डन तळ्याकाठी त्याने १० फूट रुंद, १५ फूट लांब असे घर स्वहस्ते बांधले. हिवाळ्यात तेथे तळे गोठते, दाराशी हिम साचते. म्हणून थंडीपूर्वी त्याने धुराडे उभारले, पुढे भिंतींना गिलावा केला. आणि एवढ्याशा जागेत एक कपाटही ठेवले!

यात विसंगती शोधणारे खुशाल शोधोत. हिमप्रदेशात उबदार वस्त्रे जपणे हा लोभ नव्हे, देहधर्मच होय. आपली रीत मात्र उलटी: आपण आधी कपाट करतो व मग ते भरावयास वस्तू आणतो. मेजावरील चुनखडीचे तीन दगड रोज झटकावे लागतात हे ध्यानी येताच थोरोने ते बाहेर फेकले. जिची चाकरी आपणांस करावी लागते, तीच वस्तू परिग्रह, कपाटात असो वा उघड्यावर. त्याच्या दारास कुलूप नव्हते. होते ते केवळ कागदपत्रांच्या मेजास. (लेखकाचा एवढा मोह क्षम्य मानावा.) १८४७ पर्यंतच्या त्या वास्तव्यात त्याचे गेले ते होमरचे एक लहानसे पुस्तक.