हातावर ठेवायला

म्हाताऱ्या माणसांकडे जाताना आपण पिशवीत काय काय घालतो? सफरचंदं, शहाळी, प्रोटीनची पावडर, शुगर-फ्री बिस्किटांचे दोन पुडे, गुडघ्याला चोळायचं तेल. दवाखान्यात पेशंटला बघायला जाताना नेतात त्यात आणि यात फरक शोधावा लागेल. माणसानं पंच्याऐंशी ओलांडली की आपण त्याच्या घरी जात नाही, त्याच्या तब्येतीकडे जातो. यात चूक आहे असंही म्हणवत नाही, कारण काळजी तब्येतीचीच असते. पण त्या पिशवीत एक गोष्ट कधीच नसते, आणि ती नसते हे लक्षात यायला मला साठी उलटावी लागली, शिवाय परमुलखात जावं लागलं.

दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा मी लेकीकडे काढला, जर्मनीत एर्लांगनला. जावई शेजारच्याच न्यूरेंबर्गचा. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी सकाळी त्यानं ओट्यावर मधाची मोठी बरणी आणून ठेवली आणि बाह्या सरसावल्या. नाताळला अजून महिना होता. पण त्याची आजी, जिला घरात सगळे ओमा म्हणतात, एक्याण्णव वर्षांची; तिची धाकटी बहीण सत्त्याऐंशीची; आणि एक विधुर काका. या तिघांसाठीची लेबकूखनं आत्ताच करायला हवीत, महिनाभर आधी, असं त्याचं म्हणणं.

इंग्रजीत ज्याला जिंजरब्रेड म्हणतात, त्याच घराण्यातला हा पदार्थ. नाव आल्याचं, त्यामुळे मी सातारच्या आल्याचा वाटीभर कीस घालायची तयारी मनात ठेवून बसले होते. प्रत्यक्षात सुंठ पडली चिमूटभर. दालचिनी आणि लवंग मात्र सढळ हातानं, मग वेलची, धने, जायपत्री आणि बडीशेपेच्या वासाचं अ‍ॅनिस. मुळात जिंजरब्रेड या शब्दातला ब्रेडही खरा नव्हे. जुन्या फ्रेंचमध्ये साखरेत मुरवलेल्या आल्याला जँजाँब्रास म्हणत. तो शब्द इंग्लंडात गेला, तिथल्या लोकांना शेपटातलं ‘ब्रास’ कळेना, त्यांनी ओळखीचं ‘ब्रेड’ करून टाकलं. म्हणजे मूळचं जिंजरब्रेड हा आपला आलेपाकच म्हणायचा. जिंजर हा शब्द तर लॅटिन आणि ग्रीकमधून मागे मागे जात पालीतल्या सिंगिवेरापर्यंत आणि संस्कृतातल्या शृंगवेरापर्यंत पोचतो. आल्याला शिंगं फुटल्यासारखी दिसतात म्हणून शृंगवेर, असं आपल्याकडे सांगतात; भाषेचे अभ्यासक मात्र त्यात दक्षिणेतलं ‘इंजी’ आणि ‘वेर’ म्हणजे मूळ, असे दोन शब्द पाहतात. इकडून गेलेला शब्द, इकडून गेलेले मसाले. त्यामुळे त्या स्वयंपाकघरात मला परकं असं काही वाटलं नाही. वास आमच्या गरम मसाल्याच्या डब्याचाच होता, फक्त त्यात मध.

न्यूरेंबर्गला हा पदार्थ रुजला त्याला कारणं साधी आहेत. शहराभोवतीच्या जंगलात मध मुबलक, आणि व्हेनिसहून येणारा मसाला जिथून उत्तरेला जायचा त्या व्यापारी रस्त्यांवर हे शहर. १३९५ सालच्या नोंदीत तिथल्या लेबकूखन करणाऱ्या कारागिराचा उल्लेख सापडतो. १९९६ पासून युरोपीय कायद्यानं या नावाला संरक्षण आहे. न्यूरेंबर्गच्या हद्दीत भाजलेल्यालाच ते नाव लावता येतं. त्यातला सगळ्यात वरच्या दर्जाचा प्रकार एलिझेन. त्यात सुकामेवा किमान पंचवीस टक्के आणि पीठ दहा टक्क्यांहून जास्त नाही. सुंदर पत्र्याच्या डब्यांतून तो जगभर जातो. खरं सांगायचं तर विकतचा एलिझेन आमच्या घरच्यापेक्षा चवीला सरस होता. हा मुद्दा लक्षात ठेवावा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

जावयानं मध, साखर आणि लोणी मंद आचेवर विरघळवलं. कोमट झाल्यावर त्यात गव्हाचं आणि राय या धान्याचं पीठ, मग मसाले. फुगवायला बेकिंग पावडर नाही, पोटॅशची पूड पाण्यात विरघळवून घातली. पूर्वी ती लाकडाच्या राखेतून काढत. मध किंचित आंबट असतो, त्याची आणि पोटॅशची गाठ पडली की वायू सुटतो आणि तो जड गोळा हलका होतो. काही घरांत त्याऐवजी ‘हरणाच्या शिंगाचं मीठ’ वापरतात. नाव तसं, कारण ते एके काळी खरोखर शिंगांतून काढत. आज कारखान्यात होतं आणि भाजताना नाकाला झोंबतं. शृंगवेराच्या पदार्थात पुन्हा शिंग! गोळा रात्रभर झाकून ठेवला. जुने कारागीर म्हणे तो महिनोन्महिने तळघरात मुरवत. रविवारी लाटून, गोल कापून, प्रत्येकावर सोललेला बदाम दाबून १८० अंशांवर बारा मिनिटं. ओव्हनमधून निघाली तेव्हा मऊ होती.

सोमवारी सकाळी मी चहाबरोबर एक उचललं आणि दाताची टोपी निघता निघता वाचली. दगड. एक्याण्णव वर्षांच्या बाईला हे द्यायचं? मी लेकीकडे पाहिलं. ती हसली आणि तिनं सफरचंदाची एक फोड कापून पत्र्याच्या डब्यात ठेवली, वर झाकण घट्ट लावलं. मध हवेतलं पाणी ओढून घेतो. डब्यात ओलावा असला की दोन-तीन आठवड्यांत तीच लेबकूखनं बोटानं मोडता येतील इतकी नरम होतात. फोड मात्र दर दोन-चार दिवसांनी बदलायची, नाहीतर बुरशी. महिनाभर आधी करायची ती एवढ्यासाठी.

वय झालं की मऊ होतं, असं एक रूपक इथे लेखकाच्या पायात घोटाळायला लागतं. मी त्याला हाकललं. माझ्या ओळखीतली म्हातारी माणसं मऊ वगैरे होत नाहीत, ओमा तर मुळीच नाही.

नाताळाआधीच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिला भेटायला गेलो. ती वृद्धाश्रमात राहते. हा शब्द मराठीत लिहिला की डोळ्यांपुढे जे उभं राहतं तसं ते ठिकाण नव्हतं. उबदार, उजेडाचं, माणसं अदबीनं बोलणारी. जेवणखाण वेळेवर, औषधं वेळेवर. पण त्या खोलीत पलंग होता, कपाट होतं, दोन खुर्च्या होत्या आणि चूल नव्हती. एके काळी बारा माणसांचा स्वयंपाक केलेल्या बाईला आता कुणाला चहा विचारायचा तरी दुसऱ्याला सांगावं लागायचं. जावयानं डबा तिच्या मांडीवर ठेवला. झाकण घट्ट बसलं होतं. लेक मदतीला पुढे झाली तर ओमानं तिला कोपरानं बाजूला सारलं, डबा पोटाशी धरला, दोन्ही अंगठे झाकणाखाली घातले आणि ते उघडलं. हुंगलं. एक मोडून अर्धं तोंडात टाकलं आणि निकाल दिला: लवंग जास्त झाली, आणि पीठ अजून एक दिवस मुरायला हवं होतं. जावई मान खाली घालून ऐकत होता, पण खूश दिसत होता.

मग रक्तदाब बघायला नर्स आली. केरळची निघाली, जर्मनीच्या दवाखान्यांत केरळी परिचारिका साठच्या दशकापासून आहेत. तिच्या मातृभाषेत आल्याला आजही इंजी म्हणतात. ओमानं दंडाचा पट्टा सुटायचीही वाट पाहिली नाही. दुसऱ्या हातानं डब्यातून एक लेबकूखन काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. नंतर दारावरून जाणाऱ्या एका आजोबांना हाक मारून एक. मग बहिणीला दोन, कागदात बांधून. तासाभरात निम्मा डबा गेला. तिनं स्वतः खाल्लं ते सुरुवातीचं अर्धं आणि नंतर एक.

हातावर काहीतरी ठेवणं. आपल्याकडे आल्या-गेल्याला असं सोडत नाहीत. लाडू नाही तर वडी, वडी नाही तर गुळाचा खडा. घर चालवणाऱ्या बाईचा तो मान असतो, आणि पुरुषाचाही. आपण म्हाताऱ्यांसाठी जे नेतो त्यात ही सोय कुठे असते? शहाळं पाहुण्याच्या हातावर ठेवता येत नाही. प्रोटीन पावडर तर नाहीच नाही. डब्यातून नेलेली मऊ खिचडी प्रेमाचीच असते, पण ती एका माणसाची आणि एका वेळेची. आपण त्यांना खायला घालतो आणि समाधानानं घरी येतो. त्यांना वाढता येईल असं काही मागे ठेवत नाही. घेत राहायची पाळी आली की माणसाला घरातही पाहुण्यासारखं अंग चोरून बसावं लागतं. नुसतं वय माणसाला इतकं म्हातारं करत नसावं.

म्हणून माझं म्हणणं असं की म्हाताऱ्यांसाठी टिकाऊ करावं आणि त्यांना लागेल त्याच्या चौपट करावं. मध-मसाल्याचा हा पदार्थ जगला तो टिकतो म्हणून. आपल्या चकल्या, शंकरपाळे, डिंकाचे लाडू त्याच जातीचे.

आता विकतच्या डब्याचा मुद्दा. टिकाऊच हवं तर तो नक्षीदार डबा काय वाईट, चवही वर सांगितल्याप्रमाणे सरस. पण त्याला नावं कोण ठेवणार? कारखान्याला ओमा काय सांगणार, की लवंग जास्त झाली? घरी केलेल्या वस्तूत चूक निघते, आणि चूक काढायला जाणतं माणूस लागतं. गेल्या दहा वर्षांत तुमच्या आईला तुम्ही कशाबद्दल शेवटचं विचारलंत की हे नीट जमलंय का? आपण तिला मोबाइल शिकवतो, गोळ्या शिकवतो, सावकाश चालायला शिकवतो. शिकवण्याची दिशाच बदललेली असते. बिघडलेलं बिस्किट ती घटकाभर पूर्ववत करतं. चांगलं झालं तर उत्तम. थोडं बिघडलं तर अधिक उत्तम, असं मी आता म्हणते, आणि त्यात माझी स्वतःची सोयही आहे.

कारण पुण्याला परतल्यावर मी ती करून पाहिली, आषाढात. पोटॅश मिळेना, खायचा सोडा घातला. रायचं पीठ नव्हतं, नुसती कणीक. दुसऱ्या दिवशी ती रीतसर दगड झाली. मी सफरचंद आणायला निघणार तोवर पावसाची झड लागली, आणि झाकण जरा सैल राहिलेल्या डब्यात तीन दिवसांत फोडीशिवायच लेबकूखनं नरम पडली. आपल्या हवेत हे काम फुकटात होतं. डबा भरला आणि आईकडे गेले. ती अठ्ठ्याऐंशीची, धाकट्या भावाकडे असते, मधुमेह जुना.

आईनं तुकडा मोडला, चाखला. “नाव आल्याचं आणि आलं कुठंय?” हे सहाशे वर्षांच्या जर्मन परंपरेवरचं सगळ्यात अचूक भाष्य असावं. मग म्हणाली, नानकटाईसारखी भेग का नाही पडली? आमच्या लहानपणी मे महिन्यात ती रवा, मैदा, तूप, पिठीसाखर मोजून डब्यात बांधून आम्हाला बेकरीत पाठवायची, आणि भट्टीवाल्यानं तुपात हात मारला का हे भाजलेल्या नानकटाईच्या भेगेवरून ओळखायची. त्यावर तासभर बोलली. इतकं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, तुम्ही महिन्यातून एकदा येता. शुगर मला बघावी लागते. रात्री-बेरात्री काही झालं तर मीच उठणार.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पुरतं नाही. दूर राहणाऱ्या लेकीचं लाड करणं सोपं असतं आणि रोज सांभाळणाऱ्या सुनेच्या वाट्याला नकार देण्याचं काम येतं. मध म्हणजे साखर नव्हे, असल्या भाबड्या समजुतीचा आधार मी घेणार नाही. रक्ताला तो फरक फारसा कळत नाही. वहिनीचं बरोबर होतं. एवढंच ठरलं, की आईनं दिवसाला अर्धं खायचं, आणि डबा मात्र तिच्याच पलंगाशेजारी राहील, फ्रिजवर वहिनीच्या ताब्यात नाही. खाणं मोजावं, डबा काढून घेऊ नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आम्हा दोघींनाही आधी सुचलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भावाचा फोन आला. गॅसवाला, केरवाली, वरच्या मजल्यावरच्यांचा नातू आणि विजेचं मीटर वाचायला आलेला मुलगा, सगळ्यांना जर्मनीचं बिस्किट मिळालं होतं. वहिनीनं शुगर तपासली, नेहमीएवढीच होती. केरवालीनं तर कृती विचारली आणि आईनं ती सांगितली. तिला माहीत नसलेली. आलं वाढवून.

गेल्या महिन्यात आईनं तो पत्र्याचा डबा मला परत केला. रिकामं भांडं परत करायचं नाही हा तिचा जन्माचा शिरस्ता, म्हणून तळाशी कागदाच्या पुडीत चमचाभर साखर होती. त्या घरात साखर सहा महिन्यांपासून बंद आहे. ती कुठून आणलीस, हे मी तिला विचारलं नाही.