सरासरीचा न्याय

‘सरासरी’ हा शब्द आपण दिवसातून कितीदा तरी उच्चारतो. परंतु तो उच्चारताना आपण कोणाचा तरी निवाडा करीत आहोत, असे आपल्या मनातही येत नाही. सरासरी पाऊस, सरासरी गुण, सरासरी आयुर्मान. या शब्दात कोणाचेच नाव नसते, म्हणून त्यातून कोणावर अन्याय होईल असेही वाटत नाही. ज्यांची हयात सरकारी नोकरीत पिकांच्या नोंदी आणि गोषवारे तपासण्यात गेली त्या आम्हाला मात्र हा शब्द इतका निरुपद्रवी वाटत नाही. माळव्यातील सोयाबीनच्या शेतकऱ्याला पीकविम्याची रक्कम मिळावी की नाही, हे मुख्यतः त्याच्या स्वतःच्या शेतात काय पिकले यावर ठरत नाही. ते ठरते त्याच्या पटवारी हल्क्याची सरासरी काय निघाली यावर. (महाराष्ट्रात ज्याला तलाठ्याचा सजा म्हणतात, तो आमच्याकडे पटवाऱ्याचा हल्का.) तेव्हा विचारण्याजोगा प्रश्न असा की, ज्याचे पीक गेले त्याला ‘तुझ्या हल्क्याचे पीक गेलेले नाही’ असे उत्तर देणे हा न्याय म्हणावा काय?

या प्रश्नाची मुळे आपल्या इंदूरच्याच मातीत आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १९२४ साली सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी येथे वनस्पतिउद्योग संस्था स्थापन केली. होळकर संस्थानाने तिला जमीन दिली. हॉवर्डसाहेबांच्या कंपोस्ट खताच्या ‘इंदूर पद्धती’मुळे या संस्थेचे नाव जगभर झाले, आणि त्या पद्धतीवरील १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्या जोडीने यशवंत वाड या मराठी सहकाऱ्याचेही नाव आहे. परंतु याच संस्थेत विनायक गोविंद पानसे नावाचे एक संख्याशास्त्रज्ञ काम करीत होते, त्यांची आठवण खताच्या मानाने कमीच निघते. पानसे आणि साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघांनी १९४० च्या दशकात पिकांच्या उत्पादनाचा अंदाज करण्याची रीतच पालटून टाकली.

त्यापूर्वीची रीत नजर अंदाजाची होती. गावच्या अंमलदाराने पीक पाहावयाचे आणि ते इतके आणे आहे असे लिहावयाचे, ही आणेवारी. तिचा दोष तिच्या ओबडधोबडपणात नव्हता, ती पाहणाऱ्याच्या मनावर अवलंबून होती हा तिचा दोष होता. सारा माफ व्हावा असे ज्याला वाटे त्याच्या दृष्टीला पीक पातळ दिसे. वरिष्ठांपुढे जिल्हा सुखी दिसावा असे ज्याला वाटे त्याला तेच पीक दाट दिसे. पानशांनी वऱ्हाडात अकोला जिल्ह्यातील कापसावर आणि सुखात्म्यांनी उत्तरेकडील गव्हावर जे पीक कापणी प्रयोग केले त्यांत डोळ्यांची जागा चिठ्ठीने घेतली. गाव कोणते घ्यावे, त्यातले शेत कोणते, शेतातला बिंदू कोणता, हे सर्व यदृच्छ अंकांच्या कोष्टकावरून ठरावयाचे. ज्या कोपऱ्यातून मोजणीस आरंभ होतो तोही नियमाने ठरलेला, नैर्ऋत्येचा. तेथून कोष्टकाने सांगितलेली पावले लांबीकडे आणि रुंदीकडे टाकावयाची, खुंट्या ठोकून दोरी बांधावयाची, आणि त्या दोरीच्या आत जे असेल ते कापून, मळून, तोलून लिहून ठेवावयाचे.

आमच्या उमेदवारीच्या काळात अशा प्रयोगांवर देखरेखीसाठी आम्हाला खेडोपाडी जावे लागे. शेतकरी जवळ येऊन अजिजीने सांगत, साहेब, या बाजूला पीक बरे आहे, खरे नुकसान त्या बाजूला आहे, तिकडे दोरी बांधा. तो खरेच सांगत असे. तरीही त्याचे ऐकावयाचे नाही, हाच त्या शास्त्राचा सगळा धर्म होता. ‘तोंड पाहून न्याय’ हे आपल्या भाषेत पक्षपाताचे नाव आहे. येथे तोंड तर नाहीच, शेतही निवडून पाहावयाचे नाही.

या शास्त्रातील एक वाद नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनीही वाचावा असा आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी अगदी लहान आकाराचे तुकडे कापून अंदाज केले. त्यात श्रम आणि पैसा वाचत असे. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, तुकडा फार लहान घेतला की अंदाज वास्तवापेक्षा फुगतो. कारण अगदी साधे. दोरीखाली जे रोप येते ते आतले की बाहेरचे, असा संशय आला म्हणजे कापणाऱ्याचा हात बहुधा ते आत घेतो. त्यात लबाडी नसते. तुकडा जितका लहान तितका त्याच्या क्षेत्राच्या मानाने त्याचा परीघ मोठा, आणि म्हणून काठावरच्या रोपांचा वाटाही मोठा. माणसाच्या हाताचा हा नकळत झुकणारा कल कोणी मोजून काढावा, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

पण हे सारे कशासाठी चालले होते? जिल्ह्यात, प्रांतात, देशात धान्य किती आहे हे कळावे म्हणून. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची छाया त्या पिढीवर होती. त्या कामी सरासरी हेच उत्तर आहे. कारण विचारलेला प्रश्नच समष्टीचा आहे. कोणा एकाच्या शेतात दोन क्विंटल पिकले की बारा, याने देशाच्या कोठारात फरक पडत नाही.

पुढे विमा आला आणि तीच दोरी, तीच खुंटी निराळ्या कामाला जुंपली गेली.

आरंभी विमा व्यक्तीचाच होता. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ या संकरित कापसासाठी शेतकऱ्यागणिक विमा देऊन पाहिला गेला, मग तो इतर काही पिकांना आणि राज्यांना लावला गेला. १९७८-७९ पर्यंत त्यात अवघे ३,११० शेतकरी आले. हप्ता जमा झाला ४.५४ लाख रुपये आणि भरपाई द्यावी लागली ३७.८८ लाख रुपये. याच सुमारास, १९७६ मध्ये, पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी लेख लिहून सांगितले की, शेतकऱ्यागणिक विमा या देशात चालणार नाही, क्षेत्रगणिक चालेल. दांडेकर संख्याशास्त्रातूनच अर्थशास्त्रात आलेले, त्यामुळे त्यांची मांडणी पक्की होती. प्रत्येक शेताच्या मागील अनेक वर्षांच्या उत्पादनाची नोंद कोणाजवळ आहे? प्रत्येक शेत पाहावयास माणसे किती लागतील, आणि त्या माणसांना कोण पाहील? शिवाय स्वतःच्या तोट्यावरच भरपाई मिळणार असेल तर निंदणी-फवारणीचा खर्च वाचविण्याचा मोह होणारच. क्षेत्राच्या सरासरीवर भरपाई दिली की हा मोह नाहीसा होतो. एकट्या शेतकऱ्याला सरासरी खाली ओढता येत नाही, आणि वाईट वर्षातही जो राबून चार पोती अधिक काढील त्याची ती पोती आणि भरपाई दोन्ही त्याचीच. १९७९ चा प्रायोगिक विमा, १९८५ ची सर्वंकष योजना, १९९९ ची राष्ट्रीय योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री पीकविमा योजना या सर्व याच पायावर उभ्या राहिल्या.

दांडेकरांचा युक्तिवाद केवळ हिशेबी आहे असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. त्यात एक नैतिक आग्रह आहे: श्रम करणाऱ्याला शिक्षा आणि हयगय करणाऱ्याला बक्षीस अशी व्यवस्था राज्याने उभारू नये. शेतागणिक पंचनाम्याची सवय ज्याने पाहिली आहे त्याला या आग्रहाचे मोल कळेल. मध्य प्रदेशात महसूल पुस्तक परिपत्रक ६-४ अन्वये नैसर्गिक आपत्तीत शेत पाहून, नुकसानीची टक्केवारी लावून मदत दिली जाते. तेथे व्यक्तीकडे पाहिले जाते खरे. परंतु रस्त्याकाठचे शेत आधी पाहिले जाते आणि ज्याच्या ओट्यावर चहा मिळतो त्याचे अधिक बारकाईने पाहिले जाते, हेही खरे. चिठ्ठीला चहा लागत नाही.

तरीही मूळ प्रश्न तसाच राहतो. समजा, एका हल्क्याचे सोयाबीनचे उंबरठा उत्पादन हेक्टरी दहा क्विंटल ठरले आहे. (मागील सात वर्षांपैकी सर्वोत्तम पाच वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तराने गुणून हा उंबरठा काढतात.) यंदाची सरासरी आठ निघाली, तर सर्वांना विमा रकमेचा पाचवा हिस्सा मिळेल, ज्याला तेरा क्विंटल झाले त्यालाही आणि ज्याला दोन झाले त्यालाही. सरासरी साडेदहा निघाली, तर दोन क्विंटलवाल्याला काही नाही. ‘क्षेत्र एकजिनसी असावे’ ही दांडेकरांच्या मांडणीची अट होती. माळव्यातला एखादा हल्का डोळ्यांपुढे आणा: वरच्या अंगाला बरड, मध्ये काळी भारी जमीन, खाली नाल्याकाठची पाणथळ. अतिवृष्टीत पाणथळ शेत सडते आणि बरडावरचे तरते. उघाड पडली की उलट. एका वर्षात दोघांची सरासरी काढली की ती दोघांपैकी कोणाचीच नसते.

आणि ही सरासरी तरी कितीशा भूमीवर उभी असते? सोयाबीनसाठी साधारणतः पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा तुकडा कापतात. म्हणजे पंचवीस चौरस मीटर. मुख्य पिकासाठी एका विमा घटकात असे किमान चार प्रयोग. सगळे मिळून शंभर चौरस मीटर, हेक्टरचा शंभरावा भाग, आणि त्यावर शेकडो हेक्टरांचा निवाडा. एका तुकड्याच्या तोलात पाव किलोचा फरक पडला तर त्या तुकड्याचे हेक्टरी उत्पादन एका क्विंटलने बदलते. सुखात्म्यांनी ज्या काठावरच्या रोपाची चिंता केली ते रोप आता पैसे बोलू लागले आहे. दोरीच्या एका टोकाला गावकरी उभे असतात, दुसऱ्या टोकाला विमा कंपनीचा माणूस, आणि मध्ये पटवारी. प्रांताचा अंदाज काढताना कोणाचे स्वारस्य नव्हते म्हणून जी पद्धत निर्मळ राहिली, तिच्यावर आता सर्वांचे डोळे लागले आहेत.

आमच्या मते दोष सरासरीत नाही. ती जे देऊ शकत नाही त्याचे वचन तिच्या नावाने दिले जाते, यात आहे. खरिपाच्या धान्य-तेलबियांना विमा रकमेच्या दोन टक्के आणि रब्बीला दीड टक्का हप्ता शेतकऱ्याच्या स्वतःच्या खात्यातून, त्याच्या स्वतःच्या खसरा क्रमांकावर वळता होतो. हप्ता घेताना तो व्यक्ती असतो आणि भरपाईच्या वेळी समष्टीचा अंश होतो. विमा हा शब्द ऐकून ज्याने घराचा, गाडीचा विमा मनात आणला त्याची यात फसगत होते, मग कायद्याने ती फसवणूक नसली तरी. दुष्काळ, सर्वदूर अतिवृष्टी, २०२० मध्ये माळव्यात सोयाबीनवर पडला तसा रोग-किडींचा घाला, अशा सामायिक संकटासाठी क्षेत्राची सरासरी हेच योग्य माप आहे, असे आम्ही आजही म्हणू. पण मग त्याला तसे नाव द्यावे, आणि एकट्याच्या संकटाचा दरवाजा वेगळा ठेवावा. गारपीट वा शेतात पाणी साचणे यांसारख्या स्थानिक आपत्तींत ७२ तासांत सूचना दिल्यास शेत पाहण्याची तरतूद योजनेत आहे. पण ज्या रात्री नाला शेतात शिरला त्या रात्रीपासून घटका मोजावयास लागावे, असे किती वृद्ध शेतकऱ्यांना माहीत असते?

अलीकडे उपग्रह आले आहेत. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात दूरसंवेदनाला किमान तीस टक्के भार देण्याचे ठरले, आणि पुढे सोयाबीनही त्यात आले. आज उपग्रहाचा उपयोग हल्क्याच्या सरासरीसाठीच होतो. पण तो चार तुकडे पाहत नाही, सगळा शिवार पाहतो, आणि शेताशेतातला फरक दिसेल इतकी त्याची नजर तीक्ष्ण होण्याचा दिवस दूर नसावा. तसे झाले तर ‘प्रत्येक शेत कोण पाहणार’ हा १९७६ चा प्रश्न निकालात निघेल. दुसरा, श्रम करणारा आणि हयगय करणारा यांच्यात भेद कसा करावयाचा, तो राहील. कारण पीक पाण्याने गेले की निंदणी न केल्याने, हे वरून पाहून सांगता येत नाही. ते गावातल्या माणसांना माहीत असते. त्यांना विचारावे, तर आपण पुन्हा त्या चहाच्या ओट्यापाशी येतो.